काशीच्या वहीतले सतरा शब्द

हिब्रू आणि अबखाझ या दोन भाषांत फरक काय, असा प्रश्न रत्नागिरीत कुणाला पडलाच, तर त्याने मिरकरवाड्याच्या चढावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर जावं. तिथे काशीकाकी भेटेल. आजवर हा प्रश्न गावात एकालाही पडलेला नाही, पण त्यात काशीकाकीची काही चूक नाही. तिचं उत्तर तयार आहे आणि कुणी न विचारताही ती ते देते.

माडीवर तिचा वर्ग भरतो. दुपारी दोन ते चार, आठवड्याचे सहा दिवस. इस्रायलमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाऊ पाहणाऱ्या सहा मुली तिच्याकडे कामापुरती हिब्रू शिकायला येतात. एक लांज्याची, एक पावसची, बाकीच्या शहरातल्याच. खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं की माडीची लादी थरथरते आणि शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. काशी शिकवायची थांबत नाही. उलट म्हणते, "ऐका, ऐका. ह्यो जो घशातून खर्र आवाज काडतोय ना, तसाच काडायचा. मशीनला जमतंय, तुमाला का जमू नये?"

फळ्यावर ती आधी तीन अक्षरं लिहिते. श, म, र. उजवीकडून डावीकडे लिहिते, कारण हिब्रू तशीच लिहितात. काना-मात्रा बहुतेक घालतच नाहीत, ज्याने त्याने वाचताना आपापल्या घालून घ्यायच्या, हेही ती तेव्हाच सांगून टाकते.

"हे चुलीचे तीन धोंडे," ती म्हणते. "धोंडे हलवायचे न्हायत. वर टोप ठेवा नायतर तवा ठेवा. शामार, म्हंजे राखलं. शोमेर, म्हंजे राखणारा. मिश्मार, पहारा. श्मिरा, राखण. धोंडे तेच, वर शिजतंय ते वेगळं. तुमच्या नोकरीला तिकडे नाव दुसरं हाय, पण काम ह्येच. आपल्या गावाला राखणदार असतो ना, तसं तुमी एकेका म्हातारीचे राखणदार."

मुलींना हे पटकन कळतं. गावाचा राखणदार कुठे बसतो आणि त्याला काय चालत नाही, हे प्रत्येकीला लहानपणापासून ठाऊक असतं.

मग अबखाझ. काळ्या समुद्राच्या काठी सुखुमी नावाचं शहर आहे, त्या डोंगराळ मुलखातली ही भाषा. मुलींना तिची काडीची गरज नाही. मुलाखतीत ती विचारत नाहीत, नोकरीत लागत नाही. काशी ती फुकट शिकवते.

"हिब्रूचा संसार तीन धोंड्यांवर. ह्या बाईकडे व्यंजनं अठ्ठावन्न आणि स्वर दोनच. आणि बोलायची रीत म्हंजे बकुळीचा वळेसार. मी, तू, ते, त्यांना, सगळी फुलं एकाच क्रियापदात ओवायची. 'मी ते त्यांना दिलं,' आपले चार शब्द झाले. हिब्रूवाला तिनात भागवील. अबखाझ माणूस एकात गाठ मारतो. इरिस्तेइत. झालं, संपलं."

मृणाली म्हणून त्यातली एक मुलगी आहे. तिला प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारायची खोड. तिने विचारलं, "काकी, ह्या दुसऱ्या भाषेवर व्हिसा मिळतो काय?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय. ज्यावर व्हिसा मिळत न्हाय असं पण काय तरी असावं गो माणसाच्या डोक्यात."

बोलायला काशी कधीच कुणाला हार गेली नाही. तिचा जन्म संगमेश्वरकडच्या एका वाडीतला. शाळेत पाढे म्हणताना सगळ्यात मोठा आवाज हिचा. शिमग्यात पालखी दारात आली की गुरव गाऱ्हाणं घालायचा. देवापुढे घरादारासाठी, गुराढोरांसाठी, मुंबईला असलेल्या चाकरमान्यांसाठी तो एकेक मागणं मागायचा आणि प्रत्येक वाक्याअखेरीस थांबायचा. तो थांबला की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, म्हणजे ते मागणं एकट्याचं न राहता सगळ्यांचं होतं. बाकीची पोरं पुटपुटायची. काशी अशी ओरडायची, की एका वर्षी दचकून गुरवच पुढचं वाक्य विसरला. त्या वर्षी वाडीतल्या शेळ्यांसाठी काही मागायचं राहून गेलं, असं तिची आई पुढे कितीतरी वर्षं सांगत होती.

लग्न होऊन ती मिरकरवाड्याला आली. नवरा शिवा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. काशी शहरातल्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली. उचलणं, पुसणं, भरवणं, चिडलेल्या म्हाताऱ्यांना दटावणं, हे सगळं तिला असं जमायचं की नर्सबाईच तिला हाका मारायच्या. तिथेच कुणीतरी इस्रायलच्या नोकरीचं सांगितलं. अडतिसाव्या वर्षी, मुंबईच्या पुढे कधी न गेलेली ही बाई विमानात बसली आणि हैफाला उतरली. शिवा विमानतळावर म्हणाला होता, "भाषा येत न्हाय तुला तिकडची."

"त्यांना माजी येते काय? मग झालं की बरोबरीचं," काशी म्हणाली होती.

हैफाला तिच्या वाट्याला सारिया आली. तेव्हा एकोणऐंशीची, पाय अधू, जीभ शाबूत. सारियाची आई अबखाझ आणि बाप ज्यू, सुखुमीत घड्याळं दुरुस्त करणारा. नवव्या वर्षापर्यंत ती आईच्या वडिलांकडे, डोंगरातल्या गावात वाढली. तिथे सगळं अबखाझमध्ये. मग शहरात आणून शाळेत घातली, ती शाळा रशियन. पुढे लग्न झालं आणि अडतिसाव्या वर्षी, पाच वर्षांच्या मुलीला घेऊन, ती हैफाला आली. तिथे हिब्रू. अशा तीन भाषा तिच्यावर एकावर एक चढल्या होत्या. आपण दोघी अडतिसाव्या वर्षीच ह्या गावात उतरलो, याचं सारियाला फार अप्रूप वाटलं. तिनेच काशीला हिब्रू शिकवली. चुकलं की चमच्याने टेबलावर ठोका द्यायची. घरी सगळे सारियाला "सावता" म्हणत, म्हणजे आजी. काशीही तेच म्हणू लागली.

सात-आठ वर्षं बरी गेली. मग सारिया विसरायला लागली. सगळ्यात शेवटी आलेली भाषा सगळ्यात आधी गेली. एका सकाळी तिला "खिडकी"ला हिब्रू शब्द सापडेना, तो काशीने सांगितला. दुसऱ्या दिवशी "उशी" गेली. जिने आपल्याला एकेक शब्द ठोकून ठोकून शिकवला, तिलाच ते परत सांगायचे, ह्याने काशी आतून हलली. न्हाणीघरात नळ सोडून ती दोनदा रडली आणि तिसऱ्या दिवशी तिने रडणं बंद केलं, कारण पाणी वाया जात होतं.

वर्षभरात हिब्रू गेली, मागोमाग रशियन गेली. उरली ती नऊ वर्षांच्या मुलीची अबखाझ, तीही दात नसलेल्या तोंडातून. सारियाची मुलगी ओर्ना, हैफाच्या एका शाळेत गणित शिकवणारी, तिला आईच्या ह्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. आईने ती तिला कधी शिकवलीच नव्हती. आई आता काय म्हणते ते लेकीला कळेना, लेक काय म्हणते ते आईला कळेना. ओर्ना कामावरून यायची, आईचा हात धरून बसायची आणि थोड्या वेळाने उठून जायची.

काशी मात्र वही घेऊन बसली. पेला दाखवायचा, सारिया जे बोलेल ते देवनागरीत उतरवायचं. आद्झी, म्हणजे पाणी. आचा, भाकरी. आम्रा, सूर्य. आम्शीन, समुद्र. आन, आई. आब, बाप. असं करता करता सतरा शब्द झाले. समोरच्या बागेत सुखुमीकडचा एक म्हातारा उन्हाला बसायचा, त्याच्याकडून ती ते तपासून घ्यायची. हिब्रूत बापाला आबा आणि अबखाझमध्ये आब, तेव्हा ह्या दोन भाषा चुलत बहिणी असणार, असा शोध काशीने लावला होता. म्हातारा हसून म्हणाला, "काही नातं नाही. बापाला लेकरं कुठेही साधारण तसंच म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात?"

"आबा," काशी म्हणाली.

म्हाताऱ्याने हात जोडले. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं."

पण त्यानेच तिला एक गोष्ट सांगितली, ती तिने गाठीला बांधली. हिब्रू जवळजवळ दोन हजार वर्षं कुणाच्या घरात बोलली जात नव्हती, पोथीत आणि प्रार्थनेत होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी हट्टाने ती पोरांच्या तोंडी घातली आणि आज तिच्यात भांडणंसुद्धा होतात. अबखाझ कधी पोथीवर जगली नाही, ती अंगणात आणि जेवणाच्या पानावर जगली. आता ती बोलणारी घरं कमी होत चाललीत. पुढच्या थंडीत म्हातारा वारला, आणि काशीला विचारायला कुणी उरलं नाही.

दहा वर्षं झाली तेव्हा शिवाचा हात ट्रॉलरच्या यंत्रात, जाळं ओढताना सापडला. दोन बोटं गेली आणि बोटीवर जाणं संपलं. काशीने परतायचं ठरवलं. आपल्या जागी तिने अक्षयाला आणलं. रत्नागिरीचीच मुलगी, नर्सिंग शिकलेली, शांत. काशीने तिला वर्षभर फोनवरून हिब्रू शिकवली होती. दोघी एक आठवडा एकत्र राहिल्या. काशीने चाळीस पानांची वही तिच्या हवाली केली. गोळ्यांच्या वेळा, कुठला चमचा, खुर्ची कुठल्या खिडकीकडे, अंग पुसताना पाणी किती गरम, आणि शेवटी ते सतरा शब्द. एवढं असलं की माणूस राखता येतं, असं काशीचं म्हणणं होतं.

निघताना मात्र अडचण झाली. सतरा शब्दांत "मी जाते" नव्हतं. काशीने सारियाचा हात हातात घेतला, मराठीत "येते" म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

गणपतीत ती घरी आली. पंधरा दिवसांत वर्ग सुरू झाला. आणि दिवाळीच्या आधी, एका सोमवारी, वर्ग चालू असताना अक्षयाचा फोन आला.

"काकी, सावता जेवत न्हाय."

"कदीपासून?"

"गेल्या बुधवारपासून पूर्ण बंद. त्याच्या आधी पण कमीच खात होती. ताट ठेवलं की काय तरी पुटपुटते, मधीच थांबते, माझ्या तोंडाकडे बगते. परत पुटपुटते, परत बगते. मग ताट सारून देते. पाणी तेवढं पिते."

काशीला फारशी काळजी वाटली नाही. म्हातारी माणसं रुसतात, आणि रुसवा काढण्यात तिचा हातखंडा होता. तिने फोनवरून सूत्रं हलवली. "आचा" म्हणून भाकरी दाखव. मक्याच्या पिठाचा घट्ट लापशीसारखा तो पदार्थ कर, अबिस्ता, बिनमिठाचा, वर चीज. खुर्ची समुद्राकडच्या खिडकीशी ने. माझा निळा एप्रन दाराआड टांगलेला आहे, तो घाल. अक्षयाने सगळं केलं. मंगळवारी सारियाने ताट सारलं. बुधवारी सारलं. गुरुवारी तिने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही, पुटपुटली, थांबली आणि डोळे मिटून घेतले.

ओर्नाने आईचं पुटपुटणं फोनवर टिपून सुखुमीतल्या एका शिक्षिकेला पाठवलं. तिचं उत्तर आलं, शब्द अर्धे तुटलेले आहेत, दात नाहीत. "अंत्स्वा" म्हणजे देव, तेवढं कळतं आणि "दे" असं काहीतरी. म्हातारी माणसं म्हणतातच तसं.

गुरुवारी संध्याकाळी ओर्नाने काशीला स्वतः फोन केला. डॉक्टर म्हणाले होते, पोटात नळी घालावी लागेल. घरी ते जमणार नाही. रविवारी सकाळी गाडी येईल आणि आईला संस्थेत नेतील. "तू सांगितलंस ते सगळं केलं, काशी," ओर्ना म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणूनच ते काशीला जास्त लागलं.

काशीने अशा संस्था पाहिल्या होत्या. नळी उपटू नये म्हणून म्हाताऱ्यांचे हात मऊ कापडाने खाटेला बांधलेले तिने पाहिले होते. चमच्याने टेबलावर ठोका देणारा सारियाचा हात तसा बांधलेला तिला दिसू लागला. आपण "येते" म्हणून आलो आणि हे असं झालं. त्या संध्याकाळी तिने भात केला आणि तिच्याच्याने तो गिळवेना.  शिवाने तिच्या पानातली सुरमई उचलून झाकून ठेवली.

शुक्रवारी वर्गात तिने फळ्यावर काही लिहिलंच नाही. साडेतीन वाजता, म्हणजे हैफाच्या एक वाजता, तिने अक्षयाला व्हिडिओ लावायला सांगितलं. "फोन ताटापुढे उबा कर आणि तू बाजूला हो. मला बगू दे." मुली फोनभोवती गोळा झाल्या. शिवा माडीच्या खिडकीशी मोडक्या हाताने जाळं दुरुस्त करत बसला होता. तिथे उजेड चांगला, म्हणून तो रोज तिथेच बसतो. वर्गाकडे त्याचं लक्ष नसतं. हिब्रूचा एक शब्द त्याला येत नाही आणि याचा त्याला अभिमान आहे.

सारिया पडद्यावर दिसली. गालफडं बसलेली, केस विंचरलेले. अक्षयाने ताट ठेवलं. सारियाने दोन्ही हात ताटाच्या कडांवर ठेवले आणि पुटपुटायला सुरुवात केली. तेवढ्यात खाली बर्फाचं यंत्र सुरू झालं. मृणाली उठली, धाडधाड जिना उतरली आणि यंत्र बंद झालं. खाली बर्फासाठी थांबलेले बोटवाले ओरडू लागले, त्यांना मृणाली काय म्हणाली ते वर ऐकू आलं नाही, पण ते गप्प झाले.

माडीवर आता फक्त फोनमधला आवाज होता. एक लांब वाक्य, खालच्या पट्टीत, एकाच लयीत चढत गेलेलं. मग ते थांबलं.

"व्हय म्हाराजा," खिडकीतून शिवा म्हणाला. जाळ्यातून मान वर न करता.

सारियाने डोळे उघडले. तिने फोनकडे पाहिलं. दुसरं वाक्य आलं, पहिल्याहून थोडं मोठ्या आवाजात. थांबलं.

"व्हय म्हाराजा," शिवा म्हणाला आणि दाताने दोरा तोडला.

"अवो, गप बसा की," काशी त्याच्यावर ओरडणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. फोनमध्ये तिसरं वाक्य थांबलं होतं, आणि ह्या वेळी शिवाच्या आधी काशीच्याच तोंडून गेलं, "व्हय म्हाराजा." सवयीने गेलं. जशी ती हैफातली शेवटची दोन वर्षं, रोज दुपारी, सारियासमोर आपलं ताट घेऊन बसली की म्हणत होती. कधी तोंडात घास असताना, कधी गमतीने. म्हातारीचा सूर गुरवासारखा लागतो म्हणून. तिच्या लेखी ती तिची एकटीची थट्टा होती.

चाळीस पानं तिने लिहिली होती. पाणी किती गरम तेही लिहिलं होतं. हे लिहिलं नव्हतं, कारण ह्याला कुणी भाषा म्हणेल असं तिला वाटलंच नव्हतं. अक्षयाने आठवडाभर ते रोज ऐकलं होतं, आणि काकीची लकब म्हणून सोडून दिलं होतं.

चौथ्या वाक्याला माडीवरच्या पाचही मुली म्हणाल्या. पाचव्याला हैफातून अक्षयाही म्हणाली, रडत रडत. सारियाने हात ताटावरून काढले, चमचा उचलला आणि अबिस्ता खायला लागली. अर्धं ताट खाल्लं. खाली बोटवाल्यांनी पुन्हा ओरडा सुरू केला तेव्हा कुठे मृणालीने यंत्र सुरू करू दिलं.

"तुमाला कसं कळलं?" काशीने शिवाला विचारलं.

"काय कळलं?"

"सावता गाऱ्हाणं घालते ते."

"मला काय कळलं न्हाय. मागणाऱ्याचा सूर होता. आणि ती थांबली. थांबली म्हंजे आपण म्हणायचं ना." शिवाला ह्यात सांगण्यासारखं काही वाटेना. "तू एवडी दहा वर्षं तिकडे काय शिकलीस मग?"

एरवी ह्यावर काशीने त्याला सोडला नसता. त्या दिवशी ती फक्त हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

रात्र पडायच्या आत तिने ओर्नाला फोन केला आणि हिब्रूत सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडे देवापुढे कसं मागतात, मागणारा कसा थांबतो, बाकीच्यांनी कसं म्हणायचं.  मग ओर्ना म्हणाली, आई एक गोष्ट सांगायची, मी लहान असताना. तिचे आजोबा अक्रोडाच्या झाडाखाली उभे राहायचे. हातात हेझल नावाच्या झाडाच्या काठीला टोचलेलं बकऱ्याचं काळीज. ते घरातल्या एकेकासाठी मागायचे आणि सगळे उभ्याउभ्या म्हणायचे, आमीन. मग आजोबा स्वतःच्या हाताने प्रत्येकाला घास द्यायचे. त्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

"आमीन," काशी म्हणाली. "आणि तुमच्या हिब्रूत काय म्हणतात?"

 हिब्रूत आमेन म्हणतात. तो शब्द ओर्नाने लहानपणापासून किती लग्नांत, किती मयतांत म्हटला असेल. आईसमोर बसून एकदाही नाही.

"मला वाटायचं, तो तिचा आजार बोलतोय," ती म्हणाली.

"मला पण काय कळत होतं? मी थट्टा करत होते," काशी म्हणाली. "उद्या तू बस तिच्यापुढे. मी न्हाय, अक्षया न्हाय. तू. तुझ्याच भाषेत म्हण. बापाचा सोडला तर ह्या दोन भाषांत मला एकच शब्द सारखा सापडला, आणि तो नेमका तुला येतो."

शनिवारी वर्गाला तिने सुट्टी दिली. साडेतीनला माडीवर काशी आणि खिडकीशी शिवा, दोघंच. खाली यंत्रवाल्याने आपणहून बर्फ फोडायचं थांबवलं होतं. शुक्रवारची हकीकत मृणालीने बंदरभर केली होती. अक्षयाने फोन टेबलाच्या कडेला उभा केला. ओर्ना आईसमोर बसली होती, सत्तावन्न वर्षांची बाई, शाळेत उभं राहून बोलायची सवय असलेली, आणि तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

सारियाने ताटाच्या कडांवर हात ठेवले. पहिलं वाक्य सुरू झालं, चढलं, थांबलं.

"आमेन," ओर्ना म्हणाली. आवाज फुटला.

सारियाने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  मग सारियाने दुसरं वाक्य घेतलं, आणि ओर्नाने पुन्हा म्हटलं, ह्या वेळी स्पष्ट. तिसरं. चौथं. एका वाक्यात सारियाचा हात उठून ओर्नाच्या दिशेने गेला. ते मागणं कुणासाठी होतं हे कळायला सतरा शब्दांचीही गरज नव्हती.

संपल्यावर सारियाने चमचा उचलला नाही. भाकरीचा तुकडा मोडला. ओर्नाने घ्यायला हात पुढे केला, तर म्हातारीने मान हलवली आणि तुकडा तसाच धरून ठेवला, ओर्नाच्या तोंडासमोर. ओर्नाने तोंड उघडलं. तिला घास भरवून झाल्यावर सारियाने दुसरा तुकडा मोडला, तो स्वतः खाल्ला, आणि मग चमचा घेऊन ताट निपटून काढलं.

अक्षयाने फोन उचलला, रविवारची गाडी ओर्नाने नको म्हणून कळवली आहे, असं हळूच सांगितलं आणि बंद केला. काशी फोन मांडीवर घेऊन बसून राहिली.

"जेवली?" शिवाने विचारलं.

"जेवल्या," काशी म्हणाली. "दोघी."